मागे धूसर दिसते ते

करंजाड्यात राहून मी निसर्गाची छायाचित्रे काढतो, असे सांगितले की ऐकणारे आधी हसतात. "तिथे कसला आलाय निसर्ग? महाबळेश्वरला जा, भंडारदऱ्याला जा," असा सल्लाही देतात. त्यांचे अगदीच चुकते असे नाही. पनवेल सोडून गाढी नदी ओलांडली की करंजाडे लागते. सिडकोने आखलेले सेक्टर, सात-सात मजल्यांच्या इमारती, तळमजल्यावर दुकाने, कोपऱ्याकोपऱ्यावर घर भाड्याने देणे-घेणे असल्याच्या पाट्या. साताऱ्याचे, सांगलीचे, मराठवाड्याचे, उत्तरेकडचे असे सगळीकडून आलेले लोक इथे राहतात. मुंबईत घर परवडत नाही आणि गावात पोट भरत नाही, अशांची ही वस्ती. मी त्यांतलाच एक. माझे गाव माण तालुक्यातले, नोकरी पनवेलच्या एका शाळेत.

पण सकाळी गच्चीवर गेले की पूर्वेला प्रबळगड दिसतो. त्याच्या डाव्या अंगाला कलावंतिणीचा सुळका आणि दोहोंच्या मधली ती खोल खाच. प्रबळच्या मागे माथेरानची रांग. दक्षिणेला कर्नाळ्याचा अंगठा. पाऊस उघडल्यावर हवा धुतल्यासारखी होते, तेव्हा ईशान्येकडे दूर मलंगगडही दिसतो. वायव्येला मात्र डोंगर नाही, तिथे विमानतळ आहे. या सगळ्याच्या आणि माझ्या मध्ये इमारती, टाक्या, विजेच्या तारा आणि क्रेन. म्हणजे निसर्ग आहे, पण तो कशाच्या तरी पलीकडे आहे. अशा ठिकाणी छायाचित्र काढायचे तर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो: काय स्पष्ट ठेवायचे आणि काय धूसर करायचे?

हा प्रश्न मला कॅमेऱ्याच्या पुस्तकातून नव्हे, अब्बांच्या शिलाईच्या दुकानात कळला. अब्बा टेलर. गावच्या बाजारपेठेत त्यांचे सहा बाय आठ फुटांचे दुकान होते. बाजाराच्या दिवशी समोरून सगळा तालुका वाहायचा, पण अब्बांना कोणी हाक मारली तरी ते वर बघत नसत. मी लहानपणी एकदा विचारले, तर म्हणाले, "बेटा, सुई में धागा डालते वक्त बाजार नै दिखता, सुईच दिखती." पुढे कितीतरी वर्षांनी जुना कॅमेरा आणि पन्नास मिलिमीटरची लेन्स घेतली, तेव्हा हेच वाक्य आकड्यांत लिहिलेले सापडले.

ज्यांनी कॅमेरा फक्त मोबाईलमध्येच पाहिला आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. लेन्स एका वेळी एकाच अंतरावर नेमकी असते. त्या अंतराच्या थोडे अलीकडचे आणि थोडे पलीकडचेही डोळ्याला स्पष्टच वाटते. ही स्पष्टतेची पट्टी किती रुंद असावी, ते मुख्यतः तीन गोष्टी ठरवतात: लेन्सचे छिद्र केवढे उघडे आहे, लेन्स किती मिलिमीटरची आहे आणि समोरची वस्तू किती जवळ आहे. छिद्राचे आकडे उलटे चालतात. एफ १.८ म्हणजे मोठे छिद्र, एफ १६ म्हणजे बारीक. माझ्या पन्नास मिलिमीटरच्या लेन्सने तीन मीटरवरचा गवताचा तुरा एफ १.८ वर टिपला, तर स्पष्टतेची पट्टी जेमतेम चाळीस सेंटिमीटरची, म्हणजे हातभर. तोच तुरा एफ १६ वर टिपला तर साधारण दोन मीटरपासून सात मीटरपर्यंत सगळे स्पष्ट. आणि एफ ८ ठेवून साडेदहा मीटरवर फोकस केला, तर पाच मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सारे काही स्वच्छ येते. हा कॅमेरा जुन्या फिल्मच्या मापाचा आहे म्हणून हे आकडे. मोबाईलचा सेन्सर नखाएवढा असतो, त्यामुळे त्यात जवळजवळ सगळेच आपोआप स्पष्ट येते.

निसर्गाच्या छायाचित्रात सगळे स्पष्टच हवे, असा एक जुना आग्रह आहे. १९३२ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या काही छायाचित्रकारांनी आपल्या गटाला छिद्राच्या एका बारीक आकड्याचेच नाव दिले होते: एफ ६४. अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम ही त्यांतली मंडळी. पायाशी पडलेला दगड आणि दहा कोसांवरचे शिखर, दोन्ही सारखेच धारदार, ही त्यांची रीत. आपल्याकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरांतले सह्याद्रीचे फोटो आजही बहुधा त्याच वळणाचे असतात.

पण त्याआधी त्रेचाळीस वर्षे, १८८९ साली, पीटर हेन्री इमर्सन नावाच्या इंग्रज छायाचित्रकाराने नेमके उलटे मांडले होते. शिक्षणाने तो डॉक्टर. माणसाचा डोळा सगळे एकदम स्पष्ट पाहत नाही, मध्यावरचे नीट पाहतो आणि कडेचे पुसट; मग छायाचित्राने तरी खोटा नेमकेपणा का दाखवावा, असे त्याचे म्हणणे. पूर्व इंग्लंडमधल्या पाणथळ भागात, बोरू कापणाऱ्या आणि मासे धरणाऱ्या लोकांत राहून त्याने छायाचित्रे काढली. त्यांत मुख्य वस्तू स्पष्ट आणि मागचा प्रदेश हलकेच विरलेला असे. गंमत अशी की दुसऱ्याच वर्षी त्याने काळ्या चौकटीची पुस्तिका छापून स्वतःच्याच मतांना मूठमाती दिली. पण मत मागे घेतले तरी छायाचित्रे राहिली.

डोळ्याविषयी इमर्सन जे म्हणत होता, ते त्याच्या आधी साडेआठशे वर्षे बसऱ्याच्या इब्न अल-हैसमने पाहिले होते. 'किताब अल-मनाझिर' हा त्याचा प्रकाश आणि दृष्टीविषयीचा ग्रंथ अकराव्या शतकाच्या आरंभीचा. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक छिद्र ठेवले की आत येणाऱ्या प्रकाशाचे काय होते, हे त्याने प्रयोग करून तपासले. आजचा कॅमेरा त्या खोलीच्याच कुळातला. नजरेच्या मध्यरेषेवर येते ते सर्वांत स्पष्ट, आणि बाजूला सरकावे तसे पुसट, हेही त्याने नोंदवले. तुम्हीही करून पाहा: हात लांब करा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. साधारण तेवढाच तुकडा एका क्षणी आपल्याला खरोखर नीट दिसत असतो. बाकीचे जग डोळा फिरवून आपण जोडून घेतो. म्हणून एखादी वस्तू नीट कळायची तर काय काय लागते, त्याची यादी इब्न अल-हैसमने केली. अंतर बेताचे हवे, प्रकाश हवा, आकार पुरेसा हवा, मधली हवा पारदर्शक हवी, डोळा निरोगी हवा. आणि वेळ हवा. ही शेवटची अट मला फार मोलाची वाटते. वेळ दिला नाही, तर समोरची वस्तूसुद्धा धूसरच.

आपल्या चित्रकारांनीही या प्रश्नाची उत्तरे आपापल्या परीने दिली आहेत. जुन्या इराणी लघुचित्रांत जवळचे फूल आणि दूरचा घोडेस्वार सारख्याच बारकाईने रेखलेले असतात, कोणी पुसट नाही. पुढे अकबराच्या चित्रशाळेत युरोपी चित्रे येऊन पोहोचली, आणि बसावनसारख्या चितारांच्या चित्रांत दूरचे डोंगर, दूरची नगरे फिकी, निळसर होऊ लागली. म्हणजे दूरचे धूसर दाखवणे ही उसनी घेतलेली तऱ्हा होती, पण घेतली ती इतकी सहज की ती आपलीच होऊन गेली.

इथे एक फरक सांगायला हवा. हवेचा धूसरपणा वेगळा आणि लेन्सचा वेगळा. माणदेशात हवा कोरडी असते. आमच्या गावाहून दोन कोसांवरचा ओसाड डोंगर चाकूने कापल्यासारखा दिसतो. करंजाड्याला समुद्राचा दमटपणा आहे, खाडी जवळ आहे, शिवाय रस्त्यांची आणि बांधकामांची धूळ. त्यामुळे मार्चनंतर प्रबळगड दिवसभर करड्या पडद्यामागे जातो. हवेने धूसर केलेले कॅमेऱ्याला स्पष्ट करता येत नाही. लेन्सचा धूसरपणा मात्र फोटो काढणाऱ्याच्या हातात असतो, म्हणून त्याची जबाबदारीही त्याचीच.

पावसाळ्याच्या शेवटी गाढीच्या काठाला मी जातो. कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, पुरुषभर वाढलेले गवत, चिखलात पाय रोवून उभे बगळे. गुडघ्यावर बसून एखाद्या कुर्डूच्या तुऱ्यावर फोकस करतो आणि मागे काय हवे, ते बघत जागा बदलत राहतो. चार पावले डावीकडे सरकले की मागे इमारती येतात, उजवीकडे सरकले की कर्नाळ्याची रांग. एफ १.८ वर त्या रांगेतला अंगठा विरघळूनच जातो, निळसर लाटेसारखे काहीतरी मागे उरते; ते जगातल्या कुठल्याही डोंगराचे असू शकते. एफ ८ वर अंगठा मऊ होतो, पण कर्नाळा कर्नाळाच राहतो. फूल दोन्हींत सारखेच स्पष्ट. एका फोटोत फूल आहे, दुसऱ्यात करंजाड्याचे फूल आहे. हा फरक कळायला मला बरेच दिवस नदीकाठी काढावे लागले. धूसरपणालाही मात्रा असते, औषधासारखी.

संध्याकाळी वेगळाच खेळ. फोकस जवळ ठेवला की दूरचे दिवे गोल चकत्या होतात. धूसर भागाच्या या गुणाला जपानी लोक 'बोके' म्हणतात. १९९७ साली एका अमेरिकी मासिकाने हा शब्द इंग्रजीत नेला आणि आता तो सगळीकडे चालतो. माझ्या लेन्सच्या छिद्राला पाचच पाती आहेत, त्यामुळे छिद्र थोडे बंद केले की चकत्यांचे पंचकोन होतात. रस्त्याचे दिवे, टॉवरच्या माथ्यावरचे लाल दिवे, सगळे पंचकोनी. माझ्या मुलीला ते फार आवडतात. ती त्यांना 'चांद के बच्चे' म्हणते.

गतीनेही धूसर करता येते. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून, लेन्सपुढे काळसर काच लावून छिद्र तीस सेकंद उघडे ठेवले की जुलैतली गढूळ, फांद्या आणि प्लास्टिक वाहून नेणारी गाढी दुधासारखी शांत दिसते. अशी छायाचित्रे लोकांना आवडतात. पण सखल भागातल्या घरात ज्याने पाणी शिरताना पाहिले आहे, त्याला ती नदी ओळखू येणार नाही. माझ्याकडे तसले दोन-तीन फोटो आहेत, छान आहेत, आणि ते मी कोणाला 'गाढी' म्हणून दाखवत नाही.

आता अब्बांकडे येतो. अम्मी आणि अब्बा आमच्याकडे राहायला आले, तेव्हा अब्बांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. गच्चीवर खुर्ची टाकून ते पूर्वेकडे तोंड करून बसायचे आणि विचारायचे, "वो पहाड है क्या बादल?" मी म्हणायचो, पहाड आहे. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. दोन महिन्यांच्या अंतराने दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. मोतीबिंदू काढून जी लेन्स बसवतात ती साधी असली तर तिचा फोकस कायमचा एकाच अंतरावर बांधलेला असतो, आणि बहुधा तो दूरचाच ठेवतात. डॉक्टरांनी तसे सांगितलेही होते. पट्टी निघाल्यावर अब्बांनी प्रबळगड पाहिला, त्याची खाच पाहिली, पायथ्याशी सरकणारा ढग पाहिला. खूप वेळ गप्प बसले. मग अम्मीकडून सुई मागून घेतली आणि धागा ओवू लागले. नेढे दिसेना. साठ वर्षे जी एक गोष्ट त्यांना बाजाराच्या गर्दीतही दिसत होती, तीच आता नाहीशी झाली होती. पहाड आला होता आणि सुई गेली होती. पुढे जवळचा चष्मा आला, सुई परत मिळाली. पण चष्मा लावला की पहाड पुन्हा ढग. अब्बा त्यावर हसून म्हणाले, "दोनों एकदम नै मिलते, बेटा. एक देखना है तो दूसरे को छोड़ना पड़ता."

त्या दिवसांत मला अब्बांचा फोटो काढायचा होता. आमच्या घरात हा विषय सोपा नाही. अब्बांच्या दुकानात मक्का-मदिनेचे कॅलेंडर असायचे, फुलांचे, धबधब्याचे असायचे, पण माणसाचा फोटो कधी लागला नाही. सजीवांची चित्रे काढू नयेत, झाडे आणि निर्जीव वस्तू चालतील, हे त्यांनी लहानपणी मौलवीसाहेबांकडून ऐकलेले. कॅमेऱ्याचा फोटो त्यात बसतो की नाही यावर आलिमांत मतभेद आहेत, हे मी त्यांना सांगत असे. ते ऐकून घेत आणि विषय बदलत. पासपोर्टसाठी काढला तेवढाच त्यांचा फोटो. मी निसर्गाकडे वळलो, त्यात या घरातल्या हवेचाही वाटा असणार. डोंगराचा फोटो भिंतीवर लावायला आमच्याकडे कोणाची हरकत नव्हती.

एके सकाळी ते गच्चीत चष्मा लावून सुई ओवत होते. मागे प्रबळगड. मी म्हटले, अब्बा, फोटो तुमचा नाही काढत, सुईचा काढतो. ते म्हणाले, "सुई का निकाल." मी छिद्र पूर्ण उघडले आणि सुईवर फोकस केला. नेढे, धाग्याचे टोक आणि दोन बोटांची टोके स्पष्ट. त्यामागे अब्बा म्हणजे एक पांढरट, वाकलेला आकार, टोपीची गोल कड, आणि त्याही मागे निळसर डोंगर. फोटो त्यांना दाखवला. चष्मा वर-खाली करून त्यांनी पाहिला आणि समाधानाने म्हणाले, "इसमें मैं कौन, पैछानता कौन?" शेजारी अम्मी तांदूळ निवडत होती. तिने हातातले सूप बाजूला न ठेवता मान वाकवून एक नजर टाकली आणि म्हणाली, "मैं पैछानती. गर्दन ऐसी टेढ़ी और किसकी है?"

धूसरपणाविषयी मी वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात हे लिहिलेले नाही. ज्याची ओळख आहे त्याला धूसरातही माणूस दिसतो. ज्याची ओळख नाही त्याला ती फक्त पार्श्वभूमी असते.

हे पुन्हा एकदा, वेगळ्या ठिकाणी, कळले. आमच्या इमारतीपासून जवळच विमानतळाच्या प्रकल्पात उठवलेल्या गावांतल्या लोकांचे पुनर्वसनाचे भूखंड आहेत. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावे हलवली गेली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, उलवे, गणेशपुरी, वरचे ओवळे, वाघिवली, वाघिवली वाडा. नव्वदेक मीटर उंचीची उलव्याची टेकडी सुरुंग लावून उतरवली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. १८ फेब्रुवारी २०१८ रोजी पायाभरणी झाली, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. आता आमच्या गच्चीवरून ती दिसतात. मुले नावे सांगतात, कुठल्या कंपनीचे विमान ते. ज्यांना वाटते की विमानतळ नको होता, त्यांच्यापैकी मी नाही. माझा भाऊ आखातात आहे, त्याच्या येण्याजाण्याला विमानतळच लागतो.

त्या गावांतले एक गृहस्थ चहाच्या टपरीवर भेटतात. आगरी, वयाने माझ्याहून मोठे, मी त्यांना दादा म्हणतो, ते मला सर. एकदा मी त्यांना गाढीच्या काठावरच्या कुर्डूचा मोठा प्रिंट दाखवला. मागे वायव्येची बाजू होती, मोठ्या छिद्राने विरलेली: खाली हिरवा पट्टा, वर आभाळ, मधे एक उजळ पांढरट डाग. दादांनी फूल पाहिलेच नाही. बोट त्या डागावर ठेवले आणि म्हणाले, "सर, आमचा गाव ह्याच्या पाठीच व्हता ना?" मी हो म्हटले. त्यांनी बोट थोडे डावीकडे सरकवले. "इथं खाडीचा बांध. इथं देऊल. आनी इथं आमच्या भातशेतीची उघाडी." त्या प्रिंटवर त्यातले काहीच नव्हते. फोटो काढला तेव्हा जमिनीवरही नव्हते. तरी त्यांचे बोट चाचपडत नव्हते. दोन-तीन इंचांच्या धूसर पट्ट्यात ते आपल्या घरापासून खाडीपर्यंत चालून आले.

त्या चहानंतर मी बराच विचार केला. मोबाईलमधला पोर्ट्रेट मोड आता सर्वांच्या हातात आहे. २०१६ साली दोन लेन्सच्या आयफोनमध्ये तो आला आणि मग सगळ्यांनीच उचलला. त्यात मागचा भाग लेन्स विरवत नाही, हिशेब विरवतो. यंत्र ठरवते, हा माणूस, हे बाकीचे. आणि बाकीच्यावर धूसरपणा फासते. गवताचे पाते, विस्कटलेला केस, चष्म्याची काडी अशा कडांवर त्याची हमखास फसगत होते, अर्धे पाते स्पष्ट आणि अर्धे गायब. पण यंत्राची ती खोड माणसांचीही आहे. एक मुख्य विषय, आणि बाकीचे सारे पार्श्वभूमी. मुख्य कोण हे ठरवणारा कॅमेऱ्यामागे असतो, आणि त्याला कोणी विचारत नाही.

आपण मराठी मुसलमान या बाबतीत बरेच अनुभवी आहोत. महाराष्ट्राच्या कितीतरी छायाचित्रांत आपण असतो, पण फोकसच्या पलीकडे. मागे एका प्रदर्शनासाठी मी पनवेलचा एक फोटो दिला होता. पुढे पावसाने भिजलेली पिंपळाची फांदी, मागे जुन्या शहराची कौले आणि त्यांतून वर आलेला मशिदीचा मिनार, हलका धूसर. निवड करणाऱ्यांपैकी एकाने सुचवले की फोटो उत्तम आहे, फक्त मागचा तो मिनार नजरेला अडवतो, आणखी विरवा किंवा कापून टाका. घरी आल्यावर हे एका मित्राला सांगितले, तर तो उसळून म्हणाला, "मग पुढच्या वेळी मिनारच फोकसमध्ये घे आणि पिंपळ उडव!" दोघांचेही ऐकले नाही. पनवेलमध्ये मिनार पिंपळामागे असाच उभा आहे, आणि पिंपळही मिनाराला असाच शेजारी आहे. पहिल्याला तो खुपला आणि दुसऱ्याला तो पुरेसा दिसला नाही. मला हवी होती ती मात्रा वेगळी: पाहणाऱ्याला शोधावे न लागता तो ओळखू यावा, आणि तरी पिंपळाची पाने पिंपळाचीच राहावीत. फोटो प्रदर्शनात लागला नाही. आमच्या दिवाणखान्यात आहे.

म्हणून धूसर करणे सोडावे, सगळे एफ १६ वर स्पष्ट काढावे, असे मला वाटत नाही. सगळे स्पष्ट असते तेव्हा नजर कुठेच थांबत नाही, आणि बाजाराकडे पाहत बसलेल्या टेलरच्या हातून सुई ओवली जात नाही. निवड करावीच लागते. अब्बा म्हणाले तसे, एक पाहायचे तर दुसरे सोडावे लागते. पण सोडणे वेगळे आणि पुसणे वेगळे. लेन्स पुसत नाही. धूसर चकतीतला प्रकाशसुद्धा त्याच डोंगराकडून, त्याच घराकडून निघून आलेला असतो, फक्त पसरलेला. तो कुठून आला, हे कोणालातरी ठाऊक असायला हवे.

यासाठी मी एक साधी सवय लावून घेतली आहे. प्रिंट काढून आणला की तो पालथा घालतो आणि मऊ पेन्सिलीने मागे लिहितो: तारीख, जागा, लेन्स, छिद्र. आणि त्याखाली, 'मागे धूसर दिसते ते' असे लिहून, डावीकडून उजवीकडे जे जे आहे त्याची नावे. डोंगर, नदी, इमारतीचा सेक्टर, मशीद, देऊळ, आणि जिथे आता काही नाही तिथे पूर्वी काय होते ते. डोंगरांची नावे मला येतात. उठलेल्या गावांच्या जागा मला येत नाहीत, त्या दादा सांगतात. टपरीवर प्रिंट पालथा घालून बसलो की दोन-चार माणसे आपोआप जमतात, एकमेकांच्या खुणा दुरुस्त करतात, वाद घालतात. बांध इकडे की तिकडे, खारफुटी कुठवर होती, देवळापुढचे झाड वडाचे की पिंपळाचे. चहावाला चहा देतो आणि तोही एक नाव सांगून जातो.

कुर्डूच्या त्या प्रिंटमागे आता अकरा नावे आहेत. जागा संपत आली म्हणून शेवटची तीन दादांनी बारीक अक्षरात, कागदाच्या कडेला धरून, आपल्या हाताने लिहिली आहेत.